हापशाच्या दांड्यावरचा हात

लान्स नाईक यशवंत ओव्हाळ, राहणार बावडा, तालुका इंदापूर. त्याच्यावर अन्याय झाला १९९५ साली, आफ्रिकेतल्या एका देशात, तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी सकाळी साडेदहाला. गावात म्हणतात, अपघात झाला. अपघात झाला नाही. मी तिथं होतो.

तिथलं यादवी युद्ध थांबलं होतं. एकीकडं सरकारी फौज, दुसरीकडं बंडखोर, मध्ये आमची शांतिसेनेची पोस्ट. राजधानीतल्या हॉटेलात तहाची बोलणी चालली होती. मसुद्यात एक कलम होतं: दोन्ही फौजांनी एकाच हापशावर पाणी भरायचं आणि तिथं कुणीही हत्यार आणायचं नाही, पहारेकऱ्यांनीसुद्धा नाही. कागदावर कलम फार सुंदर. सह्यांआधीच ते लागू झालं. पहाऱ्याला आमचं सेक्शन.

कॅम्पात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी भिगवणचा, धरणाकाठचा.

"मासेवाल्या, तुझ्या दारात धरण," यशवंत म्हणायचा. "तुला काय कळायचं? आमी पाटाच्या पाण्यापायी बांधावर बसून वाढलोय."

त्यानं हापशावर बावड्याचा कायदा लावला. पाटाचं पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात वळवताना दोन्ही शेतकरी बांधावर हजर पाहिजेत, नाहीतर भांडण ठरलेलं. तसंच इथं. साडेदहापर्यंत सरकारी शिपाई, नंतर बंडखोर. बदलीच्या वेळी दोन्हीकडचा एकेक माणूस दांड्यावर हात ठेवणार, मध्ये यशवंत. मग पहिल्यानं हात काढायचा. सुरुवातीला दोघं एकमेकांकडं बघायचेही नाहीत. पुढं ते एकमेकांच्या सिगारेटी ओढायला लागले.

राजधानीत हे कुणी विचारलंच नाही. तिथं बंडखोरांनी एका मंत्रिपदावरचा हक्क सोडला, बदल्यात आमच्या पोस्टजवळचं गाव हापशासकट घेतलं. कलम खोडलं. आम्हाला हे नंतर कळलं. त्या सकाळी रेडिओवर एवढंच आलं:

"ब्राव्हो टू, समझौता साइन हो गया. मुबारक हो. ओव्हर."

"हमारे लिए क्या हुक्म? ओव्हर," आमच्या हवालदारांनी विचारलं.

"रूटीन. बिना हथियार. आउट."

कलम गेलं, हुकूम राहिला.

साडेदहा वाजले. सरकारी शिपाई त्या सकाळी पाण्याला आलेच नव्हते. कलम खोडल्याचं त्यांना त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं.

"ही कुठं राह्यली? आता दांडा कोण सोडणार?" असं म्हणून यशवंत पुढं गेला. त्यानं स्वतःच दांड्यावर हात ठेवला.

झाडीतून बंडखोर आले. रायफली घेऊन, गाव ताब्यात घ्यायला.

"यशवंता, मागं फिर!" मी ओरडलो.

"थांब रं. बदली हाय." त्यानं मोकळ्या हातानं त्यांना दांडा दाखवला.

गोळ्यांचा पहिला बर्स्ट त्याला लागला. दुसऱ्यात माझा गुडघा गेला. तो दांडा धरूनच खाली बसला.

हॉस्पिटलात मराठी बोलायला कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायचो, त्यानं उलट मासेवाल्या म्हणावं म्हणून.

कागदावर लिहिलं गेलं, अपघाती मृत्यू. कारण सरळ आहे. तहानंतर गोळीनं मेला असं लिहिलं, तर तह खोटा पडतो.

मेडिकल बोर्डानं घरी पाठवल्यावर मी काठी टेकत बावड्याला गेलो. यशवंतचे वडील, दगडूतात्या, माझ्याकडं न बघताच बोलले.

"ॲक्सिडेंट म्हनले. गाडी पलटी झाली व्हय रं?"

"न्हाय, तात्या."

"त्याला ट्रॅक्टर म्याच शिकवला. वळणावर घाई करायचा. चुकला आसंल."

"तात्या, तो गाडीत नव्हताच. त्याला गोळ्या घातल्या. हुकमाप्रमाणं मोकळ्या हातानं उभा होता."

तात्यांनी आता माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मंग चुकला न्हाय." पुन्हा विचारलं, "न्हाय ना?"

गावातल्या मंडळींनी चांगल्या मनानं त्याचा दगड बसवलाय. त्यावर नावाखाली कोरलंय, अपघाती निधन. तात्या रोज त्या दगडावरून रानात जातात.

पुढचा तह होईल, टेबलावर पुन्हा हात मिळवले जातील. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी विचारा, मोकळ्या हातानं उभा कोण आहे आणि कलम खोडल्यावर त्याला कोण सांगणार आहे? पण ते नंतर. आधी येत्या रविवारी, सकाळी साडेदहाला, बावड्याला या. ते शब्द काढून तिथं कोरायचंय: हुकमावर उभा होता. छिन्नी मी आणतो. दगडावर दुसरा हात तुमचा पाहिजे. दोघं हजर असल्याशिवाय बदली होत नाही.