शाळेवरचा धूर

डोंगरांतल्या नारिन शहराच्या बाजारात सातीबाल्दीचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टच्या फोटोतले मुरूम पुसणं, लग्नाच्या फोटोतल्या रुसलेल्या मावशीला जरा हसवणं, यातच त्याची तीस वर्षं गेली. हात हुशार, पण कुठे थांबायचं ते त्या हाताला कळत नसे. बायको म्हणायची, "तुझ्या तावडीत गाढव सापडलं तर घोडा होऊनच सुटेल."

ऑक्टोबरात तो डोंगरावरच्या एका ओस गावात जाऊन तिथल्या बंद शाळेचा फोटो काढून आला. अर्धं छप्पर गेलेलं, खिडक्यांना काचा नाहीत, वर्गात मेंढ्यांच्या लेंड्या. घरी संगणकावर पाहताना त्याला ते फार भकास वाटलं. म्हणून त्याने आभाळ जांभळं केलं, एका खिडकीत पिवळा उजेड ठेवला आणि धुराड्यातून बारीक धूर सोडला. फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. येणारेजाणारे थांबून बघायचे. स्वारी खुशीत होती.

इथेच त्याने अक्कल गहाण ठेवली. त्या डोंगरांत गावाची घरं मोजत नाहीत, धूर मोजतात. चाळीस धुरांचं गाव, साठ धुरांचं गाव. कुणाचं वाटोळं चिंतायचं तर 'तुझा धूर विझो' म्हणतात. शहरात राहून हा बाबा तेवढं विसरला.

नोव्हेंबरात म्हातारी सेयिल अपा दुकानात आली; थोरल्या बाईला तिकडे अपा म्हणतात. त्याच शाळेत तिने बावीस वर्षं वर्ग गरम ठेवायची भट्टी पेटवली होती. पायात लोकरीच्या जाड नमद्याचे बूट, पाठीवर गाठोडं.

"बाळा, हा फोटो कधीचा?"

"गेल्या महिन्यातला, अपा. बसा की."

"बसत नाही. मग तो धूर माझ्या मेलिसचाच! ती भट्टी दुसऱ्या कुणाला पेटत नाही, सगळा धूर वर्गात येतो. झडप किती उघडायची ते मला ठाऊक आणि माझ्या पोराला. रशियातून हात हलवत आला असेल मेला, शरमेने खाली उतरत नसेल."

मेलिस मजुरीला गेला त्याला सात वर्षं झाली होती. शेवटची चार वर्षं त्याचा फोनही नव्हता.

"आणि हे गाठोडं?"

"त्याचा कोट, रोट्या, थोडी चरबी. घाटापर्यंत गाडी जाते, पुढे चालेन."

घाटात कमरेएवढं बर्फ होतं. काहीतरी थाप मारून तिला वसंतापर्यंत थोपवावं, असं सातीबाल्दीच्या मनात आलं. पण ती दाराकडे वळली होती.

"अपा, तो धूर मी घातला."

"कुठे घातला?"

"फोटोत. संगणकावर. शोभेसाठी."

त्याने मूळ फोटो उघडून दाखवला. तिने पडद्यावरच्या कोरड्या धुराड्यावर बोट ठेवलं, मग पुसावं तसं हलकेच फिरवलं. आता शिव्याशाप येणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. खरं तर शिव्या आल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ती स्टुलावर टेकली. "पंधरा दिवस रोज या काचेपाशी येऊन जात होते. म्हटलं, पोराची शरम ओसरू दे. बर्फ पडलं, मग राहवलं नाही."

"चुकलं माझं, अपा."

"फोटो काढून टाक."

"उद्या सकाळी काढतो."

"आत्ता काढ," ती गाठोडं उचलत म्हणाली. "उद्या मला परत खरं वाटेल."

त्याने फोटो उतरवला. तो पुरता उतरेपर्यंत ती बाहेर थंडीत उभी राहून बघत होती.