मॅडमचा लाडका रेणू

‘या, बसा’ हे शब्द आमच्या मॅडमच्या भाषेत नव्हते. दार ढकलून आत गेलं, की चष्म्यावरून बघत त्या म्हणायच्या, “अरे, अजून पळून नाय गेलात?” पीएच.डी.च्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे विचारलं. मी प्रामाणिकपणे म्हणालो, “नाही मॅडम, आजच आलोय.” आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पिशोर गावाहून निघताना वडिलांनी “मॅडम म्हणतील ते ऐकायचं” एवढंच बजावलं होतं. काय काय ऐकावं लागेल, याची त्यांनाही कल्पना नसावी.

आमचा विभाग सुसज्ज होता. म्हणजे प्रत्येक उपकरणाचं उद्घाटन झालेलं होतं. त्यातली चालू किती, हे विचारणं मात्र असभ्यपणाचं समजलं जाई. मॅडम म्हणायच्या, “यंत्राला हार घातला की त्याचा देव होतो. देवाला कुणी कामाला लावतं का, साहेब?” मग आम्ही संगणकावर रेणूंच्या उत्तेजित अवस्थांची गणितं करत बसायचो. तेवढं एक यंत्र बिनहाराचं होतं.

आमचा विषय सिंग्लेट फिशन. तो मॅडमनी मला शेतीच्या वाटणीवरून शिकवला. रेणूवर प्रकाशाचा कण पडला, की एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. ही उत्तेजित अवस्था म्हणजे सिंग्लेट. तिच्या साधारण निम्म्या ऊर्जेवर दुसरी अवस्था असते, ट्रिप्लेट. हिशेब जमला, तर सिंग्लेट आपली अर्धी ऊर्जा शेजारच्या रेणूला देतो आणि एकाचे दोन ट्रिप्लेट होतात. सौर पॅनेलला एका कणात दोनदा वीज मिळण्याची आशा ती हीच. “तुमच्याकडं कोर्टात न जाता झालेली वाटणी बघितली का कधी? नाय ना? इथं बघा,” त्या म्हणाल्या. “पण वाटणी झाली तरी दोघं भाऊ काही काळ एकाच घरात राहतात. तिथंच खरी गंमत असते.”

ऐन उमेदीत त्यांनी एका रेणूवर पेपर लिहिला होता. हा रेणू अशी वाटणी करतो, असा त्यांचा निष्कर्ष. त्या रेणूचं चित्र त्यांच्या खोलीत भिंतीवर होतं. माणसांचा एकही फोटो नव्हता. विभागाचा प्रकल्प त्याच रेणूवर चालायचा, माझी शिष्यवृत्तीही त्यातूनच यायची. माझं काम एवढंच, की नव्या पद्धतीनं तेच गणित पुन्हा करायचं आणि मॅडम बरोबर होत्या, असं म्हणायचं.

रेणू माझ्यासारखा आज्ञाधारक निघाला नाही. जुन्या गणितात एका वेळी एकच इलेक्ट्रॉन वर चढलेला धरत. दोन्ही ट्रिप्लेट अजून एकमेकांना धरून आहेत, ही जोडीची अवस्था दोन इलेक्ट्रॉनांची. जुन्या गणिताला ती दिसतच नव्हती. मला ती दिसली, आणि इतकी घट्ट दिसली, की दोघं वेगळे होणंच शक्य नव्हतं. थोडा वेळ जोडी टिकायची आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जायची. मी पुन्हा पुन्हा गणित केलं. उत्तर तेच. प्रबंधावर सही मॅडमची लागणार होती. मी गप्प बसलो.

शेवटी संक्रांतीच्या सुमारास कागद घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

“हौ, बोला.”

“मॅडम, आपल्या रेणूत ते ट्रिप्लेट सुटत नाहीत.”

त्यांनी कागद वाचले.

“कधीपासून माहीत आहे?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“आणि तेव्हापासून रोज इथं बसून माझा चहा पिताय? लई मोठं काळीज आहे साहेब तुमचं.” मग त्यांनी भिंतीवरचं चित्र पाहिलं. “इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्या. घरातली राहिलीच की.”

मला वाटलं, प्रबंधातलं हे प्रकरण गाळायला सांगतील. त्यांनी ते पहिलं घ्यायला सांगितलं.

जाहीर चर्चासत्रात माझ्या पहिल्याच पानावर त्यांच्या जुन्या पेपरचं नाव होतं. त्या पहिल्या बाकावर बसल्या होत्या. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडमचा दोष नाही हो. त्या काळी साधनंच कुठं होती?”

मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, “साधनं नव्हती सर, पण तोंड होतं ना? ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं.” मग माझ्याकडे वळून, “थांबलात कशाला? पुढं चला. अजून बरीच बेइज्जती बाकी आहे.”

जुना पेपर छापणाऱ्या मासिकाला दुरुस्ती त्यांनीच पाठवली, माझं नाव पहिलं घालून. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. चूक कबूल करणाऱ्यांना पैसे द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. मला पदवी मिळाली, पाठोपाठ गंगापूरच्या कॉलेजात नोकरीही. गावी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग त्या बाईला काय मिळालं?”

त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या ‘उत्तुंग योगदाना’चा उल्लेख केला, कोणतं, ते कुणी सांगितलं नाही. मी पाया पडायला वाकलो.

“उठा, उठा. पाठ धरेल,” त्या म्हणाल्या. “माझे बाकीचे पेपर कोण तपासणार? ते सगळे बरोबर असतील, असं वाटतं तुम्हाला?”

त्या बहिणीकडे हैदराबादला गेल्या. मी मात्र त्यांचं बोलणं मनावर घेतलं. कॉलेजचं काम सांभाळून एकेक पेपर काढला आणि नव्या पद्धतीनं प्रत्येक अवस्था पुन्हा मोजली. त्यात बराच काळ गेला. मागच्या महिन्यात शेवटचा पेपर संपला आणि मी त्यांना फोन लावला.

“मॅडम, बाकीचे सगळे तपासले. एकही चूक नाही. सगळे बरोबर आहेत.”

त्या म्हणाल्या,

“म्हणजे तुम्ही नीट तपासले नाहीत.”