दाजींची जीभ

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, पोहता येत नाही. वॉटर स्कूटरवर ते जन्मात एकदाही बसलेले नाहीत. तरी आमच्या किनाऱ्यावरच्या आठही वॉटर स्कूटरी बावीस वर्षं त्यांच्याच जिवावर धावताहेत. मी तिथेच तिकिटाच्या खिडकीत बसतो. ही नोकरी मला दाजींनीच लावून दिली, हे ते मला आठवड्यातून दोनदा सांगतात.

दाजींचं समुद्राशी वैर आहे. इतका मोठा झाला पण काडीची अक्कल नाही, असं ते त्याच्याबद्दल म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. स्कूटरचं इंजिन थंड राहायला समुद्राचंच पाणी आत ओढून घेतं. पाणी निघून जातं, मीठ मागे राहतं आणि आतल्या बारीक वाटांमध्ये वाळून बसतं. मग एक दिवस गाडी भर पाण्यात तापून बंद पडते. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक गाडीला पाइप लावून इंजिन आतून गोड्या पाण्याने धुवावं लागतं.

पुस्तकात लिहिलंय, पाच मिनिटं धुवा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी बहुतेक नदी असावी. आमच्याकडे गोडं पाणी टँकरने येतं. आठ गाड्यांना पाच-पाच मिनिटं दिली तर चौथ्या गाडीलाच टाकी तळ गाठते. दाजी म्हणून जिभेने धूत. गाडीच्या मागून पडणाऱ्या पाण्याखाली बोट धरायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे. "खारट." थोड्या वेळाने पुन्हा बोट. "अजून आहे." मग एकदम, "गोड! बंद कर." एखादी गाडी दीड मिनिटात सुटायची, एखादीला चार लागायची. मालक त्यांना मास्तर म्हणत आणि पाहुण्यांना ही जीभ मुद्दाम आणून दाखवत. लोक ज्याचं मीठ खातात त्याला जागतात. दाजींनी तर मालकाच्या गाडीगाडीचं मीठ खाल्लं होतं.

दुसरा त्यांचा नियम क्रमाचा. सुरुवातीला आधी इंजिन, मग पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं की पाणी धुराच्या नळीतून मागे सरकून थेट इंजिनाच्या पोटात शिरतं. हा क्रम चुकवणाऱ्याच्या तीन पिढ्यांचा दाजी उद्धार करत. एकदा धुवायला मदत करताना मीही चुकलो. माझ्या तीन पिढ्यांत त्यांचे स्वतःचे सासरे येतात, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

घरी मात्र त्यांच्या जिभेचे हाल होते. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ तोडलं आणि ताईने डॉक्टरांचं जरा जास्तच मनावर घेतलं. दाजी रोज ताटावर बसून म्हणायचे, "ही भाजी आहे की धुतलेलं इंजिन?" ताई म्हणायची, "इंजिनाला डॉक्टर लागत नाही, तुम्हाला लागतो." वर्षभर हेच चाललं होतं. शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं.

मग दाजींना ताप आला. चार दिवस अंथरुणात काढून उठले, तेव्हा चव गेलेली. साखर, मिरची, मीठ, सगळं सारखंच. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मला नाही, मालकांना नाही, ताईला तर नाहीच.

कामावर ते बोट धरायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि अंदाजाने "गोड" म्हणायचे. आम्ही बंद करायचो. दोन आठवड्यांत तीन नंबरची गाडी किनाऱ्यापासून लांब तापून बंद पडली. तिच्यावर एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांना दोरीने ओढून आणावं लागलं. ते खिडकीशी येऊन मला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तीनच दिवसांनी सहा नंबर गेली. मालक दाजींच्या तोंडावर काही बोलले नाहीत, पण मला बोलावून म्हणाले, "मास्तर आता थकले. पहिल्या तारखेपासून शिकलेला माणूस येतोय. तूच सांग त्यांना, घरचा आहेस."

घरचा आहे म्हणूनच माझं तोंड उघडेना. पहिली तारीख पाच दिवसांवर आली होती. मी धीर करून दाजींच्या घरी गेलो, तर दारातच ताई खुशीत. "अरे, सुधारले बघ तुझे दाजी! तीन आठवडे झाले, एक शब्द नाही. वर छान झालंय म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण मला काही खरं वाटत नाही. सव्वीस वर्षांत या माणसाने माझ्या स्वयंपाकाला छान म्हटलेलं नाही. आज बघतेच."

तिने भाजीत मूठभर मीठ टाकलं. मी एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. दाजींनी सगळी भाजी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाले, "छान झालीय."

ताईचा चेहरा पडला. तिला राग यायला हवा होता, पण ती घाबरली होती. मीही घाबरलो, कारण त्या दोन गाड्या का गेल्या हे मला त्याच घासाला कळलं. दाजी हात धुवायला उठले तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. पहिल्या तारखेचंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाड्या धुण्याच्या वेळी ताई किनाऱ्यावर हजर. बावीस वर्षांत ती कधी तिथे आली नव्हती. पाच नंबर चालू होती, पाइप लावलेला होता, दाजी डोळे मिटून बोट चाखत होते.

"गोड," दाजी म्हणाले.

ताईने मागून हात घालून पाण्याखाली बोट धरलं आणि चाखलं. "खारट आहे, अहो."

दाजी असे दचकले की त्यांनी इंजिनच बंद केलं. पाणी तसंच चालू. बावीस वर्षं ज्या चुकीसाठी त्यांनी लोकांच्या पिढ्या काढल्या, ती त्यांनी स्वतः बायकोसमोर केली. मी धावत जाऊन नळ बंद केला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. बटण दाबलं तर इंजिन "टक्" करून जागीच अडलं. आणि पांढराशुभ्र शर्ट घालून मालक नेमके तेव्हाच आले.

"काय झालं मास्तर?"

 दाजींनी गाडीचं झाकण उघडलं. पाना फिरवून तिन्ही स्पार्क प्लग काढले, फडक्यावर ओळीने ठेवले. तारा बाजूला बांधल्या. "लांब व्हा," म्हणाले आणि बटण दाबलं. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या तीन पिचकाऱ्या उडाल्या. मालक लांब झाले नव्हते. दाजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणी येईनासं होईपर्यंत पुन्हा पुन्हा इंजिन फिरवलं, प्रत्येक भोकात तेलाचा फवारा मारला, आणखी दोनदा फिरवलं, प्लग पुसून वाळवून परत बसवले. या सगळ्यात त्यांचा हात कुठे अडखळला नाही. ताई एकटक बघत होती. बटण दाबलं. गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि सुरळीत चालू लागली.

मग तेलाने माखलेले हात तसेच धरून दाजी मालकांसमोर उभे राहिले. "माझी चव गेलीय. ताप आल्यापासून. तीन नंबर आणि सहा नंबर माझ्यामुळे गेल्या. तुमचा नवा माणूस येऊ दे, माझं काही म्हणणं नाही." हे त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे.  मला त्या क्षणी खिडकीत जाऊन लपावंसं वाटलं.

मालक शर्ट झटकत होते. "मग आधी नाही का सांगायचं?"

"बावीस वर्षं तुम्ही पाहुण्यांना माझी जीभ दाखवली. हात कधी दाखवलेत?"

 मालकांनी चालू इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हात आज दिसले. शर्टावर आहेत. पण चाखणार कोण?"

"मी," ताई म्हणाली. "घरी मीठ मीच बघते. इथलंही बघेन."

नवा माणूस आला नाही. ताई रोज संध्याकाळी येऊ लागली. दोघं गाडीगाडीपाशी वाकून बसत, ती बोट चाखून निकाल देई, ते नळ बंद करत. इंजिनाचा क्रम ती आता त्यांच्याहून कडक पाळते आणि चुकलं की माझी एकच पिढी काढते, कारण मागच्या पिढ्या तिच्याही आहेत. एकही गाडी पुन्हा तापली नाही.

मागच्या आठवड्यात दाजी माझ्या खिडकीत चहा प्यायला आले. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "किती साखर घालतोस रे?" म्हणाले, आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाले. उरलेला चहा त्यांनी निमूट पिऊन टाकला.

त्या संध्याकाळी दोन नंबरपाशी त्यांनी पाण्याखाली बोट धरलं, हळूच चाखलं, ते मी पाहिलं. मग ताईला हाक मारली. "अगं, बघ बरं जरा. मला काही कळत नाही."

मला राहवलं नाही. ताईला बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, दाजींची चव परत आलीय."

"दहा दिवस झाले," ती म्हणाली. "तू तोंड उघडलंस तर बघ." आणि पदर खोचून ती दोन नंबरकडे गेली.