विहिरीतल्या मुलीची हाक

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. मुलाने आणलेला ड्रॅगनचा व्हिडिओ गेम टीव्हीवर खेळत होते. त्यातलं जंगल, नदी, ऊन इतकं सुंदर की उठवत नाही. एक मुलगी विहिरीत पडून "वाचवा" ओरडत होती आणि ड्रॅगन मला काठापर्यंत पोचू देईना.

तेवढ्यात चोपड्याहून मोठ्या जाऊबाई आल्या. मी चहाला उठले, तर म्हणाल्या, "च्या ऱ्हाऊ दे, पहिले त्या पोरले काढ!"

मुलगा हसला. "मोठीआई, महिन्याने गेलं तरी ती बुडत नाही. तशीच ओरडत असते."

"मंग ती ओरडस कशाले?"

गेमची खोट हीच: हाक जीव तोडून, पण उशीर झाला तरी काही बिघडत नाही. आता जेवणासाठी टीव्ही बंद केलाय, मुलगी विहिरीतच आहे आणि मला घास उतरत नाही. तुम्ही अशी हाक सोडून कसे उठता?