मुलाण्याचा हात

मुलाणी चाचा सुरी हातात असेपर्यंत कुणाशी बोलत नसत. बकरे आडवे पाडायचे, त्याच्या तोंडात पाणी घालायचे, ओठांतल्या ओठांत ‘बिस्मिल्ला’ म्हणायचे आणि काम उरकायचे. कुणी काही विचारले तर उत्तर सुरी धुऊन फडक्यात गुंडाळल्यावर. एकदा जिंतूरहून आलेले तहसिलीतले पेशकार भुकेने घायकुतीला आले आणि ‘जल्दी करो’ म्हणून मागे लागले. चाचांनी ऐकलेच नाही. हात धुतल्यावर म्हणाले, “साब, मरणाऱ्याला घाई न्हाई, मग खाणाऱ्याला कशापायी?”

बोरीजवळच्या आमच्या गावात मुसलमानांची मोजकी घरे होती. पण गावात बकरे कापायचे ते चाचांनीच; मग ते मराठ्याच्या लग्नातले असो की मरीआईच्या जत्रेतले. त्यांचा हात न लागलेले मटण आमच्या घरांत चुलीवर चढत नसे. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हते, आणि विचारावे असे कुणाला वाटतही नव्हते. जत्रेत पुजारी बोकडावर पाणी शिंपडी. बोकडाने अंग झाडले की देवीने तो घेतला असे समजायचे. मग चाचा पुढे होत आणि मरीआईच्या दारात अल्लाचे नाव घेऊन सुरी चालवत. हे कसे चालते, असे मी एकदा विचारले. “तुमी तिला दिलं, मी त्याला सांगितलं,” ते म्हणाले, “पुढचं ते दोघं बघतील.”

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांत गावात बाहेरची माणसे येऊ लागली. आधी एक मौलवी आले. मूर्तीपुढे कापणे हराम आहे, कापणाराही दीनाबाहेर, म्हणजे धर्माबाहेर, असे त्यांनी सांगितले. पुढच्या उन्हाळ्यात एक उपदेशक आले. परधर्मीयाच्या सुरीने नैवेद्य बाटतो, असे त्यांनी देवळाच्या ओट्यावरून सांगितले. दोघेही चांगले बोलत. चाचांनी दोघांचेही शेवटपर्यंत ऐकले. नंतर पारावर म्हणाले, “दोघांला एका खाटेवर बसवा. लय जमंल त्यांचं.” लोक हसले. वर्षभरात ते हसणे बंद झाले.

त्या सुमारास चाचांची बायको अंथरुणाला खिळली होती. जत्रा जवळ आली तेव्हा मौलवींच्या माणसांनी निरोप धाडला: यंदा मरीआईपुढे सुरी धरली तर तुमच्या घरच्या जनाज्याला कुणी खांदा देणार नाही. तो जनाजा कुणाचा असणार हे गावाला समजत होते. माझे वडील पाटील. त्यांनी चावडीत माणसे बोलावली. माझा चुलतभाऊ दादाराव उपदेशकांच्या नादी लागलेला होता. तो म्हणाला, “यंदा आमीच कापू. चाचा, तुमचंबी ओझं उतरलं.”

“ओझं न्हाई ते, दादाराव. वतन हाय माझं,” चाचा म्हणाले. मग वडिलांकडे वळले. “पाटील, मी येतो जत्रेला. खांद्याचं काय, तुमा समद्यांला हायेत की खांदे.”

वडिलांनी जत्रेच्या वर्गणीचा विषय काढला. चावडी उठली.

जत्रेच्या दिवशी चाचा आले. तोवर पोरांनी कुऱ्हाडीने बोकड तोडला होता. चाचा थोडा वेळ लिंबाखाली बसले आणि सुरी फडक्यातून न काढता घरी गेले.

पंगत बसली. म्हाताऱ्या माणसांनी ताटाला हात लावला नाही. दादारावाची आई, माझी थोरली चुलती, वाढायला उठेना. तो चिडला. ती म्हणाली, “मुलाण्याचा हात लागला न्हाई. हे मटण न्हाई, मढं हाय.”

“आई, अगं, आपला धरम काय सांगायलाय...”

“तुला परवा कळला धरम. मी जलमभर मरीआईचा निवद रांधायलेय.”

पातेली ओढ्याकाठी नेऊन रिकामी केली. कुत्र्यांची जत्रा मात्र झाली.

हिवाळ्यात चाचांची बायको गेली. त्यांनी सुरी धरलेली नव्हती, त्यामुळे खांदेकरी आले. आम्ही गावातले मागून चालत गेलो. जनाज्याजवळ आमच्यातले कुणी गेले नाही.

अठ्ठेचाळीस साली फौजा आल्या आणि निजामाचे राज्य संपले. आधी ज्यांनी हिंदूंना लुटले होते ते पळाले. जे मुसलमान मागे राहिले त्यांच्यावर उट्टे निघाले. शेजारच्या गावांत घरे जळाली, माणसे मारली गेली. आमच्या गावात चाचांच्या दाराशी वडिलांनी राखण बसवली. राखणीला दादारावही होता. बाहेरची टोळी येणार अशी बातमी लागली तेव्हा तो तुळशीची माळ आणि गंधाची वाटी घेऊन चाचांकडे गेला. त्याला चाचांना वाचवायचे होते, याबद्दल शंका नाही.

“चाचा, दाढी उतरवा, गंध लावा. नाव बदलू. तुमाला कोण हात लावतंय ते मी बघतो. गावातच ऱ्हावा.”

चाचांनी वाटी हातात घेतली, पाहिली, खाली ठेवली. “लावतो की. मला काय जड हाय. पण मग गावाचं बकरं कोण कापंल?”

दादाराव हसला. मग हसायचा थांबला. चाचा थट्टा करत नव्हते. ते उत्तराची वाट पाहत होते. दादारावाने वाटी उचलली आणि तो उठला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी बैलगाडी जुंपून दिली आणि चाचा पाथरीला मेव्हण्याकडे गेले. ते परत आले नाहीत. पाथरीतच वारले, असे पुढे कळले.

जत्रा चालू राहिली. आता पोरे कापतात, मटण शिजते, पंगती उठतात. थोरल्या चुलतीने मात्र त्यानंतर मटण खाल्ले नाही. नव्या सुनांना वाटे, तिने माळ घातली असावी. गळ्यात माळ नव्हती. कारण कुणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. ती गेली तेव्हा तेराव्याला कीर्तन ठेवले होते. कीर्तनकाराने तिच्या सात्त्विक आचरणाचा दाखला दिला. या माउलीने धर्मासाठी मांस वर्ज्य केले, असे तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. दादाराव पहिल्या रांगेत बसला होता.