इंपीच्या शर्टाचं शेपूट

लाहतेला आडनावाच्या घराण्याची शिकारीची खोपटी मिशिगनच्या उत्तर टोकाला, देवदाराच्या रानात आहे. शेगडीमागच्या भिंतीवर चिंध्या ठोकलेल्या. ज्याचा बार हुकला, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, वर नाव लिहायचं आणि खिळा मारायचा, ही तिथली रीत. निम्म्या चिंध्या विल्होच्या. त्याची थोरली भावजय इंपी, तिची एकही नाही.

इंपीनं हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. नवरा गेल्यावर त्याची बंदूक तिनं खांद्याला लावली. हिवाळ्याचं मटण रानातनंच आणायचं, हा तिचा हट्ट. नवी नवरी असताना सासऱ्यानं घाईत हरणाच्या पोटात गोळी घातली होती. दोन दिवसांनी दलदलीत सापडलं ते, कोल्ह्यांनी अर्धं खाल्लेलं. तेव्हापासून तिचा नेम ठरलेला: जनावर आडवं, म्हणजे कूस आपल्याकडं करून, उभं पाहिजे, त्याच्या मागं दुसरं नको आणि आपला हात थिर पाहिजे. यातलं एक जरी नसलं, तर बंदूक खाली.

यंदा हात थिर नव्हता. वसंतापासून उजवा पंजा कापत होता. कुणाला कळू नये म्हणून ती कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायची.

विल्हो म्हणाला, "वैनी, कप काय पळून चाललाय व्हय?"

"तुझी नेमबाजी बघून भ्यालाय त्यो."

त्या दिवशी ती मचाणावर बसली होती; उन्हं कलताना शिंगाळा नर झाडीतनं बाहेर आला. तोंड इंपीकडंच. ती थांबली. त्याच्या मागनं मादी गेली, तरी थांबली. मग मादी लांब गेली आणि नर आडवा झाला. पुढच्या पायामागची बगल उघडी पडली. घरचा फ्रीजर रिकामा होता.

तिनं नळी मचाणाच्या फळीवर टेकली, श्वास धरला. नळीचं टोक बगलेवरनं पोटावर घसरायचं, परत वर यायचं, परत घसरायचं. नर उभाच. चापावरचं बोट तिनं काढलं, काडतूस बाहेर घेतलं. त्या खटक्यानं नर एका उडीत गडप झाला.

खोपटीत विल्हो वाटच बघत होता. "बार ऐकू आला न्हाई. डोळा लागला काय?"

"शिंगाळा आलता. आडवा हुबा ऱ्हायला."

"आन् मग?"

इंपीनं हात पुढं धरला. कंदिलाच्या उजेडात तो कापत राहिला. विल्होचं हसू जिथल्या तिथं विझलं.

"कात्री आण," ती म्हणाली.

"आगं, हुकलेल्याचं कापत्यात. तू तर बारच टाकला न्हाईस."

"टाकला असता तर पोटात बसला असता. काप."

त्यानं कापलं. नाव तिनंच लिहिलं, वेडंवाकडं. खिळाही तिनंच मारला. दोनदा हातोडी भिंतीवर बसली.

सकाळी तिनं आपली बंदूक विल्होच्या हातात दिली.

"आडवं हुईस्तोवर दम धर," ती म्हणाली. "तुझ्या चिंध्यांला आता भिंतीवर जागा न्हाई."

विल्हो मान हलवून रानात गेला. इंपी शेगडीपाशी बसून बंदुकीच्या बाराची वाट बघत राहिली.