वच्छलावहिनीची तहान

शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मी तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होते, तेव्हा फाटकाशी सायकल धरून उभा असलेला प्रकाश खिडकीतून दिसला. प्रकाश माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. तो आत आला नाही, हाकही मारली नाही. मीच बाहेर गेले. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाला. वहिनी उन्हाळाभर आजारी होती, डॉक्टरांनी आम्हाला अंधारात ठेवलं नव्हतं. तरी मी त्याला विचारलं, "पाणी दिलं होतं ना तिला?" तो मान हलवत राहिला. हो की नाही, ते मला कळलं नाही... आणि पुन्हा विचारवलंही नाही.

वच्छलावहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरानं दीक्षा घेतली त्याला थोडीच वर्षं झाली होती. पांढरं लुगडं नेसून ती विहारात दादाशेजारी उभी राहिली, ते मला अजून दिसतं. माहेर काटोलकडचं. तिचे वडील दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांना पाणी द्यायचं काम करत. बहर येण्याआधी झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात, हे मला तिनंच सांगितलं. चौथी शिकलेली होती. भाकरी थापताना मला शेजारी बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावायची आणि मी अडखळले की म्हणायची, "थांब वं सुमन, मागून घे. मले समजलं नाही." तिला समजलेलं असायचं. मला समजावं म्हणून ती तसं म्हणायची.

मिलिंद तिचा पहिला मुलगा. दीड वर्षाचा होता. वैशाखातल्या एका सकाळी त्याला उलट्या आणि हगवण लागली. दादा गिरणीत पहिल्या पाळीला गेला होता. घरात आई, वहिनी आणि मी. आईनं आम्हा सगळ्या भावंडांची दुखणी काढलेली, तिचा शब्द घरातच नव्हे, गल्लीतही शेवटचा असे. तिनं माठावर ताट उपडं घातलं आणि म्हणाली, "पानी देऊ नको त्याले. आत गेलं का तसंच भाईर येते. पोट कोरडं पडू दे, आपोआप थांबन." शेजारच्या बायाही तेच म्हणाल्या. तेव्हा सगळे तेच म्हणत. मिलिंद माठाकडे हात करून रडत होता, पुढे पुढे रडण्यात पाणीच नव्हतं. वहिनीनं पदराचं टोक ओलं करून त्याच्या ओठांना लावलं, तर तो ते चोखायला लागला. आई म्हणाली, "काढ वं ते." वहिनीनं ते हळूच काढून घेतलं. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, टाळू खचली. दादा पाळी संपवून आला तसा त्याला घेऊन रिक्षानं दवाखान्याकडे निघाला. वाटेतच सगळं संपलं...

वहिनीनं कुणाला बोल लावला नाही. लावायचा तरी कुणाला? लेकराचं आयुष्यच तेवढं होतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पुढे प्रकाश झाला, मोठा झाला, मी शिक्षिका झाले. मिलिंदचं नाव घरात निघत नसे. वहिनीत एकच फरक पडला होता. आमच्या दारावरून जाणारा हमाल असो, भाजीवाली असो, पाणी विचारल्याशिवाय ती त्याला जाऊ देत नसे, आणि ते माणूस पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची.

ऐंशीच्या आसपास केव्हातरी आमच्या विहारात दवाखान्याची एक नर्सबाई आली. बायांना गोळा करून तिनं उकळून गार केलेलं पाणी घेतलं, त्यात साखर आणि थोडं मीठ मोजून घातलं, ढवळून चव घ्यायला दिली. आसवांपेक्षा खारट लागता कामा नये, म्हणाली. हगवणीनं लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं, म्हणून पाणी कधी तोडायचं नाही, चमचा चमचा देत राहायचं, असं तिनं साध्या भाषेत समजावलं. माझ्या शेजारी बसलेली वहिनी उभी राहिली.

"बाई, पानी देल्यानं हगवण वाढत नाही?"

"हगवण लगेच थांबत नाही, पण लेकरू तगतं."

"उलटी झाली तरी द्यायचं?"

"जरा वेळ थांबून परत द्यायचं."

वहिनी खाली बसली. सभा संपेस्तोवर तिनं मान वर केली नाही. घरी येताना वाटेत म्हणाली, "माहा बाप झाडाले ताण देते ना, तर दररोज पानाकडं पाहत राहते. पान वळलं का पानी सोडते. मी त्याच बापाची लेक. मी काहून नाही पाह्यलं वं?" फाटकाशी आल्यावर तिनं माझा हात धरला. "आईले हे सांगू नको. कधीच नाही."

त्यानंतर वस्तीत कुणाच्या लेकराला हगवण लागली की वहिनी तिथं जाऊन बसू लागली. काही बाया तिला दारातूनच परतवायच्या. मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं नातवाला कवटाळून धरलं होतं. "पानी पाजून मारतं काय माह्या लेकराले?" ती म्हणाली. मी वहिनीसोबत होते. वहिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी पानी न पाजून मारलं, माय. माहं ऐक." म्हातारीनं नातवाला वहिनीच्या मांडीवर दिलं. उन्हं कलेपर्यंत वहिनी चमच्यानं पाणी देत बसली होती. सकाळपासून न झालेली शू त्या मुलानं केली तेव्हा तिनं ओला झालेला पदर झटकलासुद्धा नाही, नुसती हसली. तिला मिलिंदनंतर तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण गोष्ट किती दिवस लपणार. वस्तीत सगळीकडे तिच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं बोलणं, ते आईच्या कानावर गेलंच. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. वहिनी तिला भरवत होती, मी पायाशी बसले होते. आईनं घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "वच्छले, आपल्या मिलिंदले ते पानी देलं असतं तं..." वहिनीनं तिचं तोंड पुसलं. "नाही आई. त्याचं दुखणं येगळं होतं. मी नर्सबाईले इचारलं ना. ते पानी त्याले चाललं नसतं." आईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं घास गिळला. वहिनीनं नर्सबाईला असं काहीच विचारलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आई पुढे फार जगली नाही, पण जाताना तिच्या मनावर ते ओझं नव्हतं. ते वहिनीनं एकटीनं उचललं होतं.

आणि बऱ्याच वर्षांनी पाणी तोडणं वहिनीच्याच नशिबी आलं. हृदय कमजोर झालं, पाय सुजले, श्वास पुरेना. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं. मिलिंदला पाण्याची गरज होती आणि हिला तेच पाणी जड जात होतं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, तिलाही ते पटलं होतं. पण नागपूरचा उन्हाळा... कूलरचं पाणी खसच्या ताट्यांवरून ठिबकायचं आणि वहिनी डोळे मिटून तो आवाज ऐकत पडायची. कधी हट्ट केला नाही. शेवटची भेटले तेव्हा मी तिच्या ओठांना ओला बोळा लावत होते. तिनं माझं मनगट धरून हात बाजूला केला. "सुमन, तहान म्हंजे काय असते ते आता समजून राहिलं मले. त्यालेही अशीच लागली असन ना वं?" मी म्हणाले, "तो लहान होता वहिनी, त्याला काय कळतंय." ती माझ्याकडे बघत राहिली. आईला तिनं जे दिलं होतं, तेच मी तिला देऊ पाहत होते, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं. तरी तिनं मान हलवली. "हो," म्हणाली, "लहान होता."

वहिनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मागच्या रविवारी मी दादाकडे जेवायला होते. प्रकाशच्या बायकोनं, रेखानं, वरण शिजवलं आणि मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढून ठेवली. उन्हाळाभर ती वहिनीसाठी अशी वाटी काढायची. मला वाटलं, सवयीनं काढली, आता लक्षात आल्यावर तिला वाईट वाटेल. मी काही बोलणार, तोच तिनं ती वाटी, रोजचंच असल्यासारखी, दादाच्या ताटात ठेवली. दादानं अळणी वरण भातावर ओतलं, कालवलं आणि खाली मान घालून जेवू लागला. मीठ आमच्या हाताशीच होतं. ते त्याला पुढे करावं, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.